कोऱ्या पानांचे पैसे

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत माझा छापखाना होता.
लग्नपत्रिका, पावतीबुकं, निवडणूक आली की जेवायला वेळ नाही.
कौतिका हेडाऊ आली ती मे महिन्यात.
कूलरच्या टाकीत पाणी नव्हतं, वाळ्याची टट्टी कोरडी,
आणि तिच्या पिशवीत एक लाकडी बैल.

"याचं पुस्तक करायचं हाये जी."
बैलाला तीन चाकं.
"चौथं?"
"थेच तं पुस्तक हाये."

सोळा पानं. मी मोजली, मोजणं हा माझा धंदा.
सातव्या पानावर एक चाक, कोपऱ्यात, वाटाण्याएवढं.
आठव्यावर काहीच नाही.
"बाई, हे पान कोरं राहिलं."
"राह्यलं नाही. ठेवलं."
"कोऱ्याचेही पैसे लागतात. कागद तोच."
तिनं रुमालाची गाठ सोडली, नोटा सरळ केल्या.
"चाक घरंगळलं तं त्याले रस्ता नाही लागत?
पोट्ट्याचं बोट तिथून जाईन."

तांडापेठेत तिच्या बापाचा माग होता, खड्ड्याचा.
बाप खड्ड्यात पाय सोडून विणायचा
आणि तिला वाटायचं, बाप कमरेपर्यंतच आहे.
रात्री तो उठून उभा राहिला की ती दचकायची.
म्हणून तिच्या पुस्तकांत मोठी माणसं अर्धीच:
मास्तर कमरेच्या वर, पोलीस कमरेच्या खाली,
आई म्हणजे दोन हात आणि पीठ.
पोरं मात्र सबंध, नखातल्या मातीसकट.
एका गृहस्थांनी पत्र पाठवलं,
चित्रकलेचा पाया कच्चा आहे.
तिनं पत्राच्या पाठीवर मांजर काढलं.
पुरं.

गोष्ट आधी चाळीस ओळींची असे.
गल्लीतली पोट्टी ओट्यावर बसवून ती वाचे,
आणि ज्या ओळीला एखादं पोर
समोरच्या सायकलकडं बघे, ती ओळ खोडे.
चाळिसातल्या नऊ उरत.
कधी सहा.
एकदा एकच उरली, आणि ती चांगली नव्हती,
तेव्हा तिनं तीही काढली.

बैलाचं पुस्तक तान्ह्या पोळ्याच्या आधी हवं होतं.
घाईत लाल रंगाची प्लेट सरकली, केसभर.
बैलाला दुहेरी कड आली. पाचशेच्या पाचशे प्रती.
परत छापतो म्हणायला मी तोंड उघडलं,
आणि मनात कागदाचा भाव मोजत होतो.
तिनं प्रत दाराच्या उजेडात धरली.
बराच वेळ.
"थरथरून राह्यला ना जी. एकटा हाये म्हून."

दुसऱ्या आवृत्तीला तिनं लाल मुद्दाम सरकवायला लावला.
चूक करणं सोपं, तीच चूक तेवढीच पुन्हा करणं
काय असतं, ते आमच्या मशीनवाल्या रामरतनला विचारा.
दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

त्या पोळ्याला बैल घेऊन पोरं दारोदार फिरत होती.
एक पोट्टं माझ्याही दारात आलं, नवाकोरा बैल,
एक चाक स्वतःच उपटून टाकलेलं.
बापानं कानफटीत दिली होती, गाल लाल.
तरी हसत होतं.
मी त्याला दोन रुपये जास्त दिले.
का दिले, ते सांगितलं नाही.

आता छापखाना नाही. मशीन भंगारात गेली, वजनावर.
तिची शेवटची डमी मात्र माझ्या कपाटात आहे,
तेराव्याला तिच्या भाच्यानं आणून दिलेली.
सोळा पानं, चार रंगवलेली:
एक गल्ली. संत्र्याची रिकामी पेटी.
पेटीतून बाहेर कुणाची तरी शेपटी.
मग नुसतीच पेटी.
पुढं बारा पानं कोरी.
राहिली की ठेवली,
ते विचारायचं माझंच राहिलं.

नात येते तेव्हा तेच पुस्तक मागते.
पाचव्यावर बोट फिरवते, सहाव्यावर हसते,
नवव्यावर ओठांवर बोट ठेवून मला गप्प करते.
मी दहावं उलटतो.
कागद जाड आहे, जुना, वाजतो.
"आबा," ती डोळे वटारते, "उठवलं ना तुम्ही त्याला."